सात नंबरच्या टँकरचे स्टिअरिंग आणि सोमवारचा चालक

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
वाहन शाखा, पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : ज्येष्ठ चालक, बिल्ला क्रमांक ३१ (सध्या स्टोअरमध्ये काम)

दिनांक : १४, शुक्रवार

विषय : टँकर क्रमांक सातचे स्टिअरिंग भरकटत असल्याबाबत, आणि सोमवारपासून सदर टँकरवर नेमलेल्या चालकास त्यावर न बसवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्या सर्वांवर वर्कशॉपचा एकच शेरा : ‘दोष आढळला नाही’.
३) वाहनाखालील कामाबाबतचा सुरक्षा आदेश.
४) मला मिळालेला मेमो, ज्याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही.

माननीय महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय कळवतो की, मी या विभागात चालक म्हणून लागलो तेव्हा माझे केस काळे होते, आणि आता ते काळे करण्याचाही मला कंटाळा आला आहे. या काळात मी आपल्या कार्यालयाला बरेच अर्ज केले. आधीचे अर्ज टँकरबद्दल होते. हा माणसाबद्दल आहे. सोमवारी सकाळपासून टँकर क्रमांक सात माझ्या जावयाच्या ताब्यात देण्यात येईल, असा आदेश काल नोटीस बोर्डावर लागला. तो रद्द व्हावा, एवढेच मागणे आहे. त्यामागचे कारण खाली क्रमाने लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्यावे, कारण थोडक्यात लिहिलेले अर्जही मी करून पाहिले आहेत.

२. सदर टँकरला डेपोत ‘आत्याबाई’ म्हणतात. कार्यालयीन पत्रात असा उल्लेख शोभत नाही याची मला जाणीव आहे, परंतु या नावामागचे कारण तांत्रिक आहे. आत्याबाईंना एखादी गोष्ट सांगितली की आधी त्या ऐकतच नाहीत, आणि ऐकल्या की सांगितले त्याच्या दुप्पट करून ठेवतात. टँकरचे तंतोतंत असेच आहे. स्टिअरिंग फिरवले की वीतभर ते हवेत फिरल्यासारखे नुसतेच फिरते. पुढच्या चाकांना काही पत्ताच नसतो. मग एकदम ती वळतात, आणि हवी होती त्याहून जास्त वळतात. सावरायला उलट बाजूला घ्यावे तर पुन्हा तीच गत. त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा चालकाला सारखे इकडे-तिकडे करत राहावे लागते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटते की याने घेतलेली आहे. मी आयुष्यात घेतलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

महोदयांना ठाऊकच आहे की शुद्धीकरण केंद्र टेकडीवर आहे आणि वस्ती खाली. म्हणजे टँकर भरलेला असतो तेव्हा तो नेहमी उतरणीला असतो. रिकामा होऊन वर चढताना तो इतका गुणी वागतो की तक्रार करणाऱ्याचीच लाज वाटावी. उतरताना मात्र शेवटच्या वळणावर, जिथे एका अंगाला दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला बसथांबा आहे, तिथे माझ्या पाठीला रोज घाम फुटायचा. सकाळी त्या थांब्यावर दप्तरे घेतलेली मुले उभी असतात. त्यांतली काही मला हात करायची. मला उलट हात करता येत नसे, कारण माझे दोन्ही हात कामात असायचे.

३. आता मी काही फार हुशार आहे असा आपला समज होऊ नये म्हणून हेही लिहितो की, या दोषाचे निदान करताना मी स्वतः वारंवार चुकलो आहे. पहिल्या अर्जात मी ठामपणे लिहिले की पुढचे टायर झिजले आहेत. टायर बदलून मिळाले. काही दिवस बरे वाटले, नंतर ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या अर्जात मी लिहिले की दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे ढिले झाले आहेत आणि ते हलताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तेही बदलले गेले. काढलेले सांधे फोरमनने माझ्या हातात दिले, तर ते माझ्या गुडघ्यांपेक्षा घट्ट निघाले. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये जे हसे झाले ते अजून पुरते ओसरलेले नाही. त्यानंतर मी बेअरिंगचे नाव घेतले, मग किंगपिनचे, मग स्प्रिंगच्या पाट्यांचे. जे नाव मला येत होते ते मी घेतले. त्यामुळे आता मी तोंड उघडले की फिटर मंडळी एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, “आज काय, सायलेन्सर का?” त्यांना मी दोष देत नाही. मीच माझ्या शब्दाची किंमत घालवून बसलो आहे.

४. वर्कशॉपच्या फोरमनबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्यांनी माझे जितके ऐकले तितके घरच्यांनीही ऐकलेले नाही. त्यांनी स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे फिरणे चाकांकडे पोहोचवणारी जी पेटी चेसिसच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने बसवलेली असते तिचा, स्क्रू आवळून पाहिला. त्याने वीतभरची ढिलाई बोटभर झाली. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण पहिल्याच वळणावर स्टिअरिंग वळवले ते वळलेलेच राहिले. एरवी ते आपोआप सरळ होते, आता ओढून सरळ करावे लागू लागले. फोरमननी स्क्रू पुन्हा सैल केला आणि म्हणाले, “हे म्हणजे दुखतंय डोकं आणि आपण चपला घट्ट करतोय.”

मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “मला वाटतं बॉक्समध्ये काही नाही. बॉक्स ज्याच्यावर बसवलाय तिथेच चेसिसला चीर गेली असणार. टाकी भरली की चेसिस ताणली जाते, चीर उघडते, आणि तू वर स्टिअरिंग फिरवलंस की चाकं वळायच्या आधी सगळा बॉक्सच हलतो. पण वाटतं हे लिहिता येत नाही. दिसलं तर लिहिता येतं.”

५. ते दिसावे कसे, हाच सगळा प्रश्न आहे. टाकी भरलेली हवी, चाके जमिनीवर हवीत, एक माणूस वर कॅबमध्ये बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवणारा हवा, आणि दुसरा खाली पडून बघणारा हवा. यांतली एकही गोष्ट आपल्या वर्कशॉपमध्ये करता येत नाही. भरलेला टँकर आत घेण्यास मनाई आहे, कारण पाणी वितरणासाठी असते, उभे करून ठेवण्यासाठी नाही, असे आपल्याच कार्यालयाचे पत्र आहे. आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पुढची चाके जॅकवर उचलतात. आणि कोणी वाहनाखाली असताना कॅबमध्ये कोणीही बसू नये, असा सुरक्षा आदेश आहे. थोडक्यात, टाकीत पाणी नाही, चाकांवर भार नाही आणि वर माणूस नाही. अशा अवस्थेत कोणताही टँकर निर्दोषच निघेल. मलाही कोणी असेच आडवे करून तपासले तर मीही ठणठणीत निघेन.

सुरक्षा आदेश चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. तो का निघाला हे आम्हा सर्वांना माहीत आहे. खाली हात घातलेला असताना वरच्याने हाक ऐकली असे समजून स्टिअरिंग फिरवले, आणि आमच्या एका फिटरचा उजवा पंजा गेला. तो आता टाइम ऑफिसात बसतो आणि डाव्या हाताने हजेरी मांडतो. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून माझा बिल्ला क्रमांक सांगतो. तेव्हा आदेश मोडा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? विशेष बाब म्हणून आपल्या समक्ष, विभागाचे दोन्ही इंजिनिअर उभे करून, एकदाच ही तपासणी करावी, अशी विनंती मी केली होती. तीवर ‘आदेशात विशेष बाबीची तरतूद नाही’ असा शेरा आला. मोबाईल खाली ठेवून चित्रण करावे म्हटले, तर मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. गेटबाहेर भर उताराच्या रस्त्यावर टँकर उभा करणे हा वेगळा गुन्हा आहे.

६. माझ्या त्यानंतरच्या अर्जाला आपल्या कार्यालयाने सविस्तर लेखी उत्तर दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. त्यात म्हटले आहे की पाणी हा पदार्थ स्वभावतः चंचल असून टाकीत ते हिंदकळल्याने वाहन भरकटल्याचा भास होऊ शकतो, तरी चालकाने मन स्थिर ठेवावे. हे पत्र मी घरी वाचून दाखवले. माझ्या बायकोने ते घडी करून माझ्या हातात दिले. नंतर म्हणाली, “म्हणजे आता पाण्यावर अर्ज करा.” महोदय, पाणी हिंदकळते हे मला कळते. ते हिंदकळले की टँकर डुलतो. डुलणे आणि भरकटणे यांतला फरक हाताला कळतो, पण हाताला कळलेले कागदावर उतरत नाही.

७. मग जे व्हायचे ते झाले. त्या शेवटच्या वळणावर एका सकाळी मी स्टिअरिंग फिरवले आणि टँकर सरळच गेला. वळला तोवर डावे चाक फुटपाथवर चढले होते आणि बसथांब्याचा खांब आरशाला घासून मागे गेला. थांब्यावरची माणसे मागे पळाली. एका बाईच्या हातातला डबा पडला. सुदैवाने कोणाला काही लागले नाही. मी खाली उतरलो तेव्हा ती बाई माझ्याकडे बघून नुसती रडत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

अहवालात ‘चालकाचे दुर्लक्ष’ असे नोंदले गेले. मला वैद्यकीय तपासणीला पाठवले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले आणि ‘किंचित कंप’ असे लिहिले. कंप आहे, मी नाकारत नाही. चहाचा कप धरताना मलाही दिसतो. हात कापतो म्हणून टँकर भरकटला, की त्या टँकरला सांभाळता सांभाळता हात कापायला लागला, हे मात्र त्यांनी विचारले नाही आणि मलाही खात्रीने सांगता आले नसते. मला स्टोअरमध्ये बसवण्यात आले. तिथे मी नट-बोल्ट देतो आणि घेतो. टँकर क्रमांक सात बाजूला उभा राहिला, आणि मी मनात म्हटले, चला, सुटलो. गाडी उभी आहे म्हणजे कोणी मरत नाही. इतकी माझी अक्कल. टंचाई वाढल्यावर उभा टँकर कोण उभा ठेवील, हे मला कळायला हवे होते.

८. आता जावयाबद्दल. हा मुलगा आपल्याकडे कंत्राटी चालक आहे आणि सध्या परिवीक्षा काळात आहे. हा काळ विनातक्रार पार पडला तर तो कायम होईल. आत्तापर्यंत तो बारा नंबरचा छोटा टँकर चालवत होता. मुलगा चांगला आहे. केसांचा भांग पाडल्याशिवाय गाडीत बसत नाही आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने दारावर ताल धरतो, एवढा दोष सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. माझ्या मुलीला त्याने आजवर उलट शब्द बोललेला मी ऐकलेला नाही. सात नंबर मिळाला म्हणून त्याला आनंद झाला आहे. मोठी गाडी मिळाली म्हणजे साहेबांचा विश्वास बसला, असे तो सगळ्यांना सांगत फिरतो.

मी त्याला समजावले. तो हसून म्हणाला, “बाबा, तुम्हाला टाय रॉडपण हलताना दिसला होता ना?” मुलीने मात्र मला स्वयंपाकघरात गाठून स्पष्ट सांगितले, “तुम्ही अर्ज लिहिता आणि ऑफिसात त्याला ऐकावं लागतं, की तुझा सासरा फार शहाणा आहे. त्याची नोकरी पक्की होऊ द्या आधी. तुमची गाडी गेली म्हणून त्याच्या हातात जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?” पोटच्या पोरीने असे विचारल्यावर माणसाने काय करावे? मी चूळ भरण्याचे निमित्त करून बाहेर गेलो.

९. हे बोलणे कालचे. त्याआधी मागच्या रविवारी दुपारी, टंचाईसाठी पुन्हा काढायचा म्हणून टाकी गळते का हे बघायला टँकर वर केंद्रावर भरून उभा केलेला असताना, मी त्याच्या खाली गेलो आणि कॅबमध्ये एक माणूस स्टिअरिंगवर बसवला. इंजिन बंद होते. मी हाक दिली की त्याने डावीकडे घ्यायचे, हाक दिली की उजवीकडे, आणि मी ‘थांब’ म्हटले की स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढून डोक्यावर ठेवायचे, असे आधी ठरवले होते. टाइम ऑफिसातल्या फिटरची आठवण ठेवूनच ठरवले होते.

महोदय, फोरमनचे म्हणणे बरोबर आहे. बोल्टच्या भोवती चेसिसला चीर आहे. वरून स्टिअरिंग फिरले की आधी सगळा बॉक्स चेसिससकट बाहेर येतो, चीर तोंड उघडते, मगच चाकांकडे जाणारा दांडा ढकलला जातो. उलट फिरवले की बॉक्स परत आत बसतो. मी हात लावून पाहिले. चिरेच्या कडेला गंज आहे आणि आत लोखंड चकचकीत आहे, म्हणजे ती अजून वाढते आहे. मी अगदी लहान मुलासारखा ओरडलो, “हलतोय! हलतोय!” आयुष्यात एकदा तरी मी बरोबर निघालो होतो.

मी बाहेर आलो. आता मी वर बसतो, तू खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, असे त्या माणसाला सांगितले. तो पँट वर करून खाली वाकतच होता, इतक्यात केंद्राचा रखवालदार शिट्टी वाजवत आला. त्याने लांबून टँकरखालचे माझे पाय पाहिले होते आणि कॅबमध्ये कोणीतरी असल्याचे पाहिले होते. माझ्याबरोबरचा माणूस टँकरच्या दुसऱ्या अंगाने निघून गेला. त्याचे बघायचे राहूनच गेले. त्यामुळे चीर पाहिलेला या विभागात एकच माणूस आहे, आणि तो मी आहे. फोरमनला सांगितले तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मी मानतो रे. पण मला ती नियमात राहून दिसायला पाहिजे, आणि नियमात ती बंद असते.”

१०. या प्रकाराबद्दल मला मेमो आला आहे. खाली मी होतो हे मी मान्य केले. ‘कॅबमध्ये कोण होते’ या रकान्यात मी काही लिहिले नाही. कोण होते हे अख्ख्या डेपोला माहीत आहे, पण कागदावर नाही, आणि कागदावर नाही तोवर ते कोणालाच माहीत नाही. सुरक्षा आदेशाचे कलम चार मी स्टोअरमध्ये बसून पाठ केले आहे. खाली असलेल्या व्यक्तीस समज द्यावी. कॅबमधील व्यक्तीस, तिचे नाव नोंदले जाईल त्याच दिवशी, वाहन चालवण्याच्या कामावरून दूर करावे, आणि ती कंत्राटी असल्यास तिची सेवा समाप्त करावी. म्हणून मी गप्प राहिलो. माणूस माझ्या शब्दाखातर वर चढला होता. त्याला मी बुडवणार नव्हतो.

काल नोटीस बोर्ड वाचल्यापासून मी डोके चालवतो आहे. टँकर अर्धाच भरून द्यावा, असे मागावे म्हटले, तर अर्ध्या टाकीत पाणी जास्त हिंदकळते आणि ते आणखी वाईट. दुसऱ्या वाटेने न्यावा म्हणावे, तर टेकडीवरून खाली येणारा रस्ता एकच आहे. जावयाशेजारी मला क्लीनर म्हणून बसवा, मला कमी हुद्दा चालेल, असे मागावे, तर एका वाहनावर दोन नातेवाईक नेमता येत नाहीत. टँकर मलाच परत द्या म्हणावे, तर माझ्या हाताला कंप आहे. टँकरमध्ये काही दोष नव्हता, माझे सर्व अर्ज खोटे होते, असे लिहून देऊन तरी तो माझ्याकडे घ्यावा, असेही काल रात्री वाटले. ते लिहूनही काढले होते. मग लक्षात आले की दोष नाही असे मीच लिहून दिल्यावर जावयाला त्यावरून उतरवायला कारणच राहत नाही. तो कागद फाडला. बसथांबा हलवण्याचा अर्जही मनात आला, पण तो दुसऱ्या विभागाचा आहे, आणि भिंत कोणाची आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

मी फार घाबरलो आहे, महोदय. चालकाने असे लिहू नये, पण घाबरलो आहे. मी ते वळण वीत मोजून घेत होतो, कारण ती वीत मला अंगवळणी पडली होती, आणि तरीही मी खांबाला घासलो. तो मुलगा एका हाताने येईल. त्याला वाटेल की मोठ्या गाडीचे स्टिअरिंग असेच असते.

११. सबब, संदर्भ क्रमांक चारच्या मेमोचे उत्तर याद्वारे सादर करतो. मागच्या रविवारी दुपारी मी टँकर क्रमांक सातखाली असताना कॅबमध्ये स्टिअरिंगवर बसलेली व्यक्ती म्हणजे माझा जावई, कंत्राटी चालक, बिल्ला क्रमांक ८८ हाच होय. त्याला मीच बोलावले, मीच बसवले, तो नको म्हणत होता. परंतु कोणी बसवले याला कलम चारमध्ये स्थान नाही, तेव्हा त्याचा विचार होऊ नये. कलमाप्रमाणे त्याच दिवशी, म्हणजे आजच, त्याला वाहनावरून दूर करावे, ही नम्र विनंती. आपल्या कार्यालयाचा एक आदेश तरी तत्काळ अमलात येतो, याचा मला आज प्रथमच आधार वाटतो आहे.

त्याची नोकरी जाईल. कायम होण्याची आशा जाईल. तो माझ्याशी बोलणार नाही, त्याचे बरोबर असेल. मुलगी काय म्हणेल ते मला आताच ऐकू येते आहे.

टँकर उभा राहणार नाही हेही मला समजते. सोमवारी त्यावर दुसरा कोणी बसवला जाईल. तो माझा कोणी लागत नाही, म्हणून मी त्याच्यासाठी काही करू शकलो नाही, हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. तो कोण आहे हे कळल्यास मी त्याला भेटून वळणाबद्दल सांगेन. तो हसेल.

एक शेवटचे. सेवा समाप्तीचे पत्र शिपायाबरोबर घरी पाठवायची पद्धत आहे. दार माझी मुलगी उघडते. ते पत्र उद्या सकाळपर्यंत थांबवावे. जावयाला मात्र आज डेपोतच तोंडी सांगून किल्ली काढून घ्यावी. मुलीला मी आज संध्याकाळी स्वतः सांगतो.

आपल्या शाखेतला जुना चालक,

(सही)
बिल्ला क्रमांक ३१

सोबत : मेमोची मूळ प्रत, सर्व रकाने भरून.